एकशे सेहेचाळीस नंबरची पाटी

दोनशे दहा पाट्या रंगवल्या मी या बागेसाठी.
हिरवा पत्रा, पिवळी अक्षरं.
त्याआधी तालमीचे बोर्ड, ट्रॉलीच्या फळ्या,
दूध संस्थेचे दर, गाळ्यांचे नंबर
आणि एकदा एका मेलेल्या बैलाच्या फोटोखाली
त्यानं मारलेल्या शर्यतींची यादी.
झाडांची नावं मात्र आयुष्यात पहिल्यांदा.

शिंत्रे मॅडम म्हणाल्या, पेंटर, एक सांभाळा.
झाडाचं नाव तिरकं काढायचं,
ज्यानं ते ठेवलं त्याचं सरळ.
का हो?
पद्धत आहे. जगभर.
मग तीन आठवडे माझ्या दुकानात
झाडं वाऱ्यानं कललेली
आणि साहेब लोक ताठ.

आज रविवार. पाहुणा म्हणून आलोय.
मालनला म्हटलं, चल, काम दाखवतो माझं.
खरं कारण पिशवीत आहे:
शून्य नंबरचा ब्रश, पिवळ्याची डबी.
परवा रात्री अडीचला ताडकन उठून बसलो,
एकशे सेहेचाळीसवर एक अक्षर गळलंय.
सेरोपेजियामधला इंग्रजी जी.
दोनशे नऊ जणांना मान दिला,
हिलाच तेवढं जी म्हणायचं राहिलं.

केएमटीनं सागरमाळावर उतरलो.
ताडांच्या रांगेत कॉलेजची पोरं वह्या घेऊन,
कमळाच्या टाकीपाशी एक बाप
पोराला बेडूक दाखवतोय, पोरगं मोबाईल.
मी पाट्या वाचत चाललोय मोठ्यांदा,
माझीच अक्षरं, मलाच अडखळायला होतंय.
मालन पाटीकडं बघतच नाही.
पान चुरगाळते, वास घेते, पुढं जाते.
ही दिंडा. हा कुडा, पोट बिघडल्यावर.
ह्याच्या काठीला वाळवी लागत न्हाई.
मी म्हटलं, अगं, लिहिलंय की तिथं.
म्हणाली, मग तुम्ही वाचा.

जाळीच्या घरात, कुंड्यांच्या तिसऱ्या ओळीत
एकशे सेहेचाळीस.
वेल तारेवरनं उतरून पाटीवरच बसलेली.
माझी चूक पानाखाली, झाकल्यासारखी.
आणि देठादेठाला लोंबणारे
काडीपेटीतल्या काडीएवढे कंदील,
वर मिटलेले, आत एखादं चिलट अडकलेलं.

मालन उकिडवी बसली.
अहो, ही खरपुडी न्हवं?
गगनबावड्याच्या वरच्या सड्यावर
म्हशी सोडल्या की ती आणि तिचा भाऊ धुळबा
काठीनं उकरायचे.
परकराला माती पुसायची, कच्चंच खायचं.
किती खाल्लीस?
मोजतंय कोण.

तिनं तिसऱ्या ओळीवर बोट धरलं.
ह्ये तांबडं काय लिवलंय?
त्या तांबड्या ओळीचे मी जादा पैसे लावले होते.
वाचून दाखवलं,
अतिदुर्मिळ.

ती काही बोलली नाही.
उजवा हात पदराला पुसला,
कशाला लावला नव्हता तरी.
मग म्हणाली, आम्हीच काय की.
आणि बऱ्याच वेळानं,
चव बी आता ध्यानात न्हाई.

संतू वरुटे झारी घेऊन आला.
वहिनी, हात नका लावू, कॅमेरा हाय.
हात न्हाई लावत, नाव सांगतुया ह्यास्नी.
संतूनं झारी खाली ठेवली.
कुठलं नाव?
ती म्हणाली. त्यानं पुन्हा म्हणून बघितलं,
गूळ जिभेवर फिरवावा तसं.
आमच्यात पण हेच की वो, म्हणाला,
मला वाटलं ही दुसरी कुठली.

मी पान बाजूला सारलं.
जी घुसवायला जागाच नाही,
ई आणि आय अगदी खेटून उभे.
खाली मात्र, साहेबाच्या नावाखाली,
बोटभर पत्रा रिकामा.
डबी उघडली. संतू म्हणाला,
मॅडमना विचारायला पाहिजे.
म्हटलं, विचारू. सोमवारी.

ब्रश भिजवून मालनला विचारलं,
तिरकं काढू का सरळ?
ती म्हणाली, थांबा जरा.
ती कंदील मोजत होती.